मऊ प्लास्टिकचे आमिष गळाला कसे लावावे: सोलापूरच्या पाण्यावर मरळ धरू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

सोलापूर परिसरात गळ टाकणाऱ्या बहुतेकांची सुरुवात गांडूळ, कणकेचा गोळा किंवा कोंबडीचे आतडे यांनी होते. त्यामुळे तलावाच्या बांधावर एखादा तरुण रबरासारखा लवचिक, हिरवट काळा किडा गळाला लावताना दिसला की जुनी माणसे थोड्या कौतुकाने आणि बऱ्याच संशयाने त्याच्याकडे पाहतात. तो किडा म्हणजे सॉफ्ट प्लास्टिकचे आमिष. ते गळाला नीट कसे लावायचे, हे घरी टेबलाशी बसून अर्ध्या तासात शिकता येते. तो अर्धा तास न दिल्यामुळे पहिल्या पाच-सहा फेऱ्या रिकाम्या जातात आणि माणूस हे आमिषच कुचकामी म्हणून पेटीच्या तळाशी टाकून देतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून या लेखात आमिष लावण्याच्या कृतीला सर्वांत जास्त जागा दिली आहे, आणि तीही मुख्यतः एकाच पद्धतीला.

ही विद्या मूळची अमेरिकेतली आहे. ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास मऊ प्लास्टिकचा पहिला गाजलेला किडा बाजारात आणला. पुढे टेक्सास राज्यातल्या, पाण्यात बुडालेल्या झाडाझुडपांनी भरलेल्या जलाशयांवर लार्जमाउथ बास या माशासाठी तो वापरताना, गळाचे टोक आमिषाच्या अंगात लपवण्याची पद्धत रूढ झाली. तिलाच टेक्सास रिग म्हणतात. बास आपल्या पाण्यात नाही. मात्र आपल्याकडची मरळ स्वभावाने त्याच्या बरीच जवळची आहे. तीही गवतात, बुडालेल्या बाभळीच्या खोडाशी किंवा जलपर्णीच्या कडेला दबा धरून बसते आणि समोरून काही सरपटत गेले की एका झेपेत तोंडात घेते. जिथे मरळ राहते तिथे उघडा गळ दर दुसऱ्या फेकीला अडकतो, आणि नेमक्या अशाच जागांसाठी टेक्सास रिग बनली आहे. बास आणि मरळ यांच्या तोंडात व वागण्यात काही महत्त्वाचे फरकही आहेत, ते पुढे त्या त्या ठिकाणी सांगितले आहेत.

आमिष आणि त्याचा आकार

हे आमिष बहुधा पीव्हीसी प्लास्टिकचे असते. त्यात ते मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य मिसळून, तापवून साच्यात ओतलेले असते. अनेक आमिषांत मीठ घातलेले असते. त्यामुळे आमिषाला वजन येते आणि माशाने ते तोंडात घेतल्यावर लगेच थुंकून टाकण्याची शक्यता कमी होते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. टणक लाकडी किंवा प्लास्टिकच्या माशापेक्षा याचा मोठा लाभ हाच, की दातांखाली ते जिवंत अंगासारखे दबते आणि आपल्याला झटका देण्यासाठी एक-दोन सेकंद मिळतात.

दुकानात आणि ऑनलाइन शेकडो आकार दिसतात. नवशिक्याने त्यांतले दोनच घ्यावेत. पहिला, चार इंचांचा, वल्ह्यासारखी शेपटी असलेला मासा, ज्याला पॅडल टेल म्हणतात. तो नुसता सावकाश ओढला तरी शेपटी हलत राहते. दुसरा, पाच इंचांचा, सरळ काडीसारखा किडा. त्याला शेपटी नाही की पाय नाहीत, पण पाण्यात पडताना तो दोन्ही टोकांनी थरथरत खाली जातो. रंगांच्या बाबतीत गोंधळून जाऊ नये. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात काळा किंवा काळा-निळा रंग चांगला, कारण त्याची आकृती ठळक दिसते. हिवाळ्यात पाणी निवळले की शेवाळी हिरवा किंवा तपकिरी. आणि काठाला चिलापीची किंवा इतर बारीक माशांची पिल्ले फिरताना दिसत असतील तर पांढरट चंदेरी. एवढे तीन रंग वर्षभर पुरतात.

रॉड, दोरी आणि गळ

साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम ते जड ताकदीचा आणि टोकाशी वाकणारा स्पिनिंग रॉड घ्यावा. अंगभर वाकणारा लवचिक रॉड कणकेच्या गळासाठी उत्तम असला तरी इथे उपयोगी पडत नाही, कारण झटक्याची सगळी ताकद तो स्वतःच गिळून टाकतो आणि गळाचे टोक प्लास्टिकमधून बाहेर येतच नाही. रील २५०० किंवा ३००० मापाचे पुरे. दोरीसाठी साधा नायलॉनचा तंगूस न घेता २० ते ३० पौंडांची विणीची ब्रेड दोरी घ्यावी. तंगूस ताणला जातो, ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे लांबवरची बारीक हालचालही हाताला कळते. ब्रेडच्या पुढे दीड-दोन फुटांचा ३० पौंडांचा फ्लुरोकार्बनचा किंवा जाड तंगुसाचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडावा. मरळीला बारीक पण तीक्ष्ण दात असतात आणि ती लागल्याबरोबर खोडामध्ये शिरते. घासण्याचा भार या जाड तुकड्याने सोसायचा असतो.

गळ ऑफसेट प्रकारचा हवा. त्याच्या नेढ्याजवळ पायरीसारखी दुहेरी घडी असते आणि त्या घडीवर आमिषाचे तोंड घट्ट बसते. चार-पाच इंचांच्या आमिषाला ३/० किंवा ४/० माप चालते, पण आकड्यापेक्षा एक साधी पारख अधिक भरवशाची आहे: गळाची दांडी आणि टोक यांच्यामधली मोकळी जागा आमिषाच्या जाडीच्या निदान दुप्पट असावी. ती कमी असेल तर झटक्याच्या वेळी प्लास्टिक गोळा होऊन त्या जागेत कोंबले जाते आणि टोकाला माशाच्या तोंडापर्यंत पोहोचायला वावच उरत नाही.

वजनासाठी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, मधोमध आरपार भोक असलेले साडेतीन, पाच आणि सात ग्रॅमचे शिसे घ्यावे. याशिवाय पेटीत एक चिमटा, एक कात्री, शिसे जागेवर धरून ठेवणारे रबरी मणी, सुपर ग्लूची एक नळी आणि एक जुना पंचा असू द्यावा.

गाठ

दोरीत आधी शिसे ओवायचे, मग गळ बांधायचा. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकजण हे विसरतो आणि बांधलेली गाठ कापतो. शिशाचे निमुळते टोक रॉडकडे आणि रुंद बाजू गळाकडे यावी, म्हणजे गवतातून ते पाचरीसारखे वाट काढते.

गळ बांधण्यासाठी पॅलोमार गाठ शिकावी. दोरीचे टोक सुमारे सहा इंच दुमडून दुहेरी करावे आणि ती दुहेरी घडी गळाच्या नेढ्यातून पलीकडे काढावी. त्या दुहेरी दोरीची एक साधी, सैल गाठ मारावी, गळ त्या गाठीखाली लोंबत राहील अशी. पुढे उरलेल्या फाशातून संपूर्ण गळ पार करावा, फास नेढ्याच्या वर सरकवावा, दोरी पाण्याने ओली करावी आणि मूळ दोरी व टोक दोन्ही एकत्र धरून सावकाश ओढावे. उरलेले टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापावे.

ओली करण्याचा मुद्दा मला मत्स्यप्रेमी मित्रांकडून नव्हे, तर शेजारच्या एका काकांकडून कळला, ज्यांचे आयुष्य सोलापुरात यंत्रमागावर तुटलेले धागे जोडण्यात गेले होते. मी ओट्यावर बसून गाठी मारत होतो आणि घाईने कोरड्या ओढत होतो. त्यांनी माझ्या हातातली दोरी घेतली, गाठीच्या मागची बाजू नखाखालून हलकेच फिरवली आणि तिथे पांढरट झालेला, करपल्यासारखा भाग मला दाखवला. कोरडी दोरी स्वतःवर घासली की तापते आणि तिथेच तिची ताकद जाते. तेव्हापासून मी प्रत्येक गाठ ओली करतो आणि गळ एखाद्या खिळ्यात अडकवून जोराने ओढून पाहिल्याशिवाय पाण्यात टाकत नाही.

टेक्सास रिग: मुख्य कृती

आता आमिष डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत, तोंडाकडून धरावे. डावखुऱ्यांनी हात बदलावेत. गळाचे टोक आमिषाच्या तोंडाच्या बरोबर मधोमध टेकवून पाच-सहा मिलिमीटर सरळ आत घालावे आणि मग पोटाच्या बाजूने बाहेर काढावे. याहून खोल घातले तर तोंड गळावर चुरगळते. याहून कमी घातले तर पहिल्या दोन फेकींतच फाटते. बाहेर आलेला गळ ओढत राहावे, नेढ्याजवळची पायरी आमिषाच्या तोंडापाशी आली की गळ अर्धा फिरवावा, म्हणजे त्याचे टोक आमिषाच्या अंगाकडे वळेल, आणि तोंड पायरीवर चढवून नेढे जेमतेम झाकले जाईल एवढे वर सरकवावे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक चुका इथेच होतात. गळ नेढ्याकडून धरून आमिषाला मोकळे लोंबू द्यावे. गळ त्याच्या शेजारी लोंबत असताना गळाचा खालचा वाक आमिषाच्या अंगावर नेमका कुठे येतो ते पाहावे आणि तिथे अंगठ्याच्या नखाने हलकी खूण करावी. आमिष किंचित वाकवून गळाचे टोक त्या खुणेवरच पोटात घुसवावे आणि सरळ पाठीतून बाहेर काढावे. अनेक आमिषांच्या अंगावर साच्याची एक बारीक रेघ असते. टोक त्या रेघेवरूनच आत जावे आणि समोरच्या बाजूलाही मधोमधच निघावे, हे पाहिले तर आमिष तिरके होत नाही. शेवटी पाठीतून निघालेल्या टोकाच्या पुढचे प्लास्टिक चिमटीत धरून जरासे पुढे ओढावे आणि टोकाचा अगदी शेंडा कातडीखाली खोचावा, फार तर दोन मिलिमीटर. गवतातून जाताना टोक झाकलेले राहते आणि मासा दाबतो तेव्हा ते आपोआप उघडे पडते.

पॅडल टेलच्या पोटाला बहुधा लांब चीर असते. गळ तिच्यात बसवून टोक पाठीवरून काढायचे असते. बाकी कृती तीच.

आता आमिष दोरीने धरून डोळ्यांसमोर लोंबू द्यावे आणि वळवून वळवून सर्व बाजूंनी पाहावे. ते काडीसारखे सरळ दिसले पाहिजे. कुठे फुगवटा असेल तर टोक खुणेच्या पुढे, म्हणजे शेपटीकडे, टोचले गेले आहे. कुठे ताण दिसत असेल आणि आमिष धनुष्यासारखे वाकत असेल तर ते खुणेच्या मागे, म्हणजे तोंडाकडे, टोचले गेले आहे. दोन्ही वेळा गळ काढून पुन्हा लावावा, भले त्यात एक आमिष फाटले तरी चालेल.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर डिसेंबरच्या एका सकाळी माझे आमिष चार-पाच मिलिमीटरने चुकून टोचले गेले होते. हात गारठले होते आणि ‘एवढ्याने काय होते’ म्हणून मी तसेच फेकत राहिलो. वाकडे आमिष पाण्यात सरकत नाही, ते भिंगरीसारखे फिरते, आणि प्रत्येक फिरकीबरोबर दोरीला पीळ पडतो. तासाभराने रीलवरून ब्रेडचे फासेच्या फासे निघायला लागले आणि सगळी दोरी कापून फेकण्यावाचून इलाज उरला नाही. त्या तासाभरात एकाही मरळीने आमिषाला तोंड लावले नव्हते, आणि लावावे तरी का? असे गरगर फिरणारे भक्ष्य तिने कधी पाहिलेलेच नसते. तेव्हा पहिल्या फेकीपूर्वी आमिष पायाजवळच्या स्वच्छ पाण्यात दोन हात ओढून पाहावे; ते सरळ, पाठ वर ठेवून पोहत आले तरच लांब फेकावे.

पाण्यात

मरळीला केवळ कल्ल्यांवर जगता येत नाही. तिला ठरावीक वेळाने वर येऊन हवा घ्यावीच लागते. सकाळी वारा नसताना बांधावर दहा मिनिटे नुसते बसून राहिले तर गवताच्या फटींत ‘डुब’ असा आवाज, एक बुडबुडा आणि विरत जाणारे वर्तुळ दिसते. नवशिक्याने आधी ही जागा हेरावी. थेट वर्तुळात आमिष टाकू नये, मासा बिचकतो; पाच-सहा फूट पलीकडे टाकावे आणि सावकाश त्या जागेवरून आणावे.

दाट गवतावर शिसे काढून टाकावे किंवा साडेतीन ग्रॅमचेच ठेवावे. पॅडल टेल गवताच्या वरून हळूहळू ओढत आणावी आणि जिथे मोकळी फट येईल तिथे थांबून तिला एक-दोन सेकंद बुडू द्यावे. बहुतेक वेळा मरळ तिथेच उडी घेते. गवत संपून मोकळे, खोल पाणी सुरू होते तिथे पाच ते सात ग्रॅम शिशाचा टेक्सास रिग वापरावा. फेकल्यावर दोरी पूर्ण सैलही सोडू नये आणि ताठही धरू नये. आमिष सरळ खाली जाईल आणि दोरीचा कल मात्र डोळ्यांना दिसत राहील, एवढीच ढील असावी. तळाला लागताच दोरी एकदम सैल पडते. त्यानंतर रॉडचे टोक घड्याळातल्या नऊच्या काट्यापासून अकरापर्यंत सावकाश उचलावे, आमिष पुन्हा खाली पडू द्यावे, तेवढी सैल दोरी गुंडाळून घ्यावी आणि हेच परत करावे.

खाली पडणाऱ्या आमिषावरच सर्वाधिक मासे लागतात, म्हणून पडण्याचा काळ फुकट गेला असे समजू नये. माझी चूक नेमकी हीच होती. हिप्परग्यावर रोज जाळे लावणारे एक मामा बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “लई घाई करताय. बसू द्या की त्याला खाली. मासा काय तुमच्या मागं पळत येणार हाय का?” त्यांनी हे आमिष आयुष्यात कधी वापरले नव्हते, पण मासा कसा वागतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यानंतर मी प्रत्येक वेळी मनात दहा अंक मोजल्याशिवाय रॉड उचलत नाही.

मासा लागल्याचे नेहमी ओढीनेच कळते असे नाही. कधी ‘टक’ असा एकच हलका ठोका बसतो, कधी दोरी कारण नसताना बाजूला सरकू लागते, कधी आमिष तळाला लागण्याआधीच दोरी सैल पडते. या तिन्ही वेळी काहीतरी आमिष घेऊन चालले आहे असे धरावे.

झटका

इथे बास आणि मरळ यांच्यातला फरक कामाला येतो. बास तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढून घेतो; म्हणून त्याच्यासाठी ठोका जाणवताच झटका द्यायचा असतो. मरळ पुष्कळदा आधी शेपटीकडून पकडते, वळते आणि आपल्या आडोशाकडे निघते. ठोक्याबरोबर झटका दिला तर हाती अर्धवट तुटलेले आमिष येते. तेव्हा ठोका लागला की रॉडचे टोक माशाच्या दिशेने खाली न्यावे, सैल दोरी भराभर गुंडाळावी, आणि दोरीला माशाचे वजन लागल्याचे जाणवले की दोन्ही हातांनी वरच्या दिशेने एकच जोरदार, लांब झटका द्यावा. गळाच्या टोकाला आधी प्लास्टिक भेदायचे असते आणि मग मरळीचे हाडासारखे कठीण तोंड. मनगटाच्या हलक्या हिसक्याने ते साधत नाही. त्यासाठीच रीलचा ड्रॅग, म्हणजे ओढ लागल्यावर दोरी कितपत सुटावी हे ठरवणारा अटकाव, आधीपासून बराच घट्ट ठेवलेला असावा.

गळ बसला की पहिले पाच सेकंद दोरी अजिबात सोडू नये. माशाचे डोके वर आणून त्याला गवतापासून दूर खेचावे, कारण एकदा तो खोडाला वेढा घालून बसला की दोरी कापावी लागते.

बास हाती आला की त्याच्या खालच्या ओठात अंगठा घालून उचलतात. त्याचे दात खरखरीत कागदासारखे असतात. मरळीच्या बाबतीत असे करू नये. तिचे दात बोट फाडतात आणि ती शेवटच्या क्षणीही जोरात अंग पिळते. हातजाळी वापरावी किंवा ओल्या पंचाने अंग धरून चिमट्याने गळ काढावा. पावसाळ्यात काठाजवळ नारिंगी-तांबूस पिल्लांचा थवा एकत्र, पाण्याच्या पृष्ठभागाशी हलताना दिसला तर त्याखाली त्यांची राखण करणारी मरळ असते. ती आमिषावर भुकेने येत नाही, राखणीसाठी येते. तिला काढले की राखण नसलेला थवा इतर मासे खाऊन टाकतात. अशा थव्याजवळ गळ टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

इतर पद्धती

टेक्सास रिग हातात बसल्यावर बाकीच्या सहज जमतात. कॅरोलायना रिगमध्ये जड शिसे, मणी आणि फिरकी यांच्या मागे दोन-तीन फुटांचा लीडर ठेवून त्याला आमिष लावतात. उघड्या, लांब पसरलेल्या तळावर ते लांबवर ओढत आणता येते. वॅकी रिगमध्ये काडीसारखा किडा मधोमध टोचतात आणि तो दोन्ही टोके हलवत पडतो, पण गळ उघडा असल्याने गवतात तो निरुपयोगी आहे. शिशाचे डोके असलेला जिग हेड मोकळ्या पाण्यात छान चालतो, दगडी पिचिंगवर मात्र तो दर पाच मिनिटांनी अडकतो.

कुठे आणि केव्हा

शहराच्या जवळ, तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव म्हणजे एकरुख तलाव. आदिला नदीवर बांधलेला आणि १८७१ साली पूर्ण झालेला हा तलाव, त्याच्या उथळ, गवताळ कडांमुळे, शिकण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. भीमा आणि सीना नद्यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या वरच्या बाजूला साचलेले संथ पाणीही चांगले. सिद्धेश्वर तलाव हे शहराचे श्रद्धास्थान आहे. तिथे गळ घेऊन जाऊ नये.

उजनीची गोष्ट वेगळी आहे. सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणात त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे, आणि सोलापूरकर ‘उजनी प्लसमध्ये आली’ किंवा ‘मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात ते याच मृतसाठ्याच्या रेषेवरून. मासे धरणाऱ्याला हा आकडा वर्तमानपत्रात रोज पाहण्यासारखा आहे. धरण भरत असताना करमाळा तालुक्यातील केत्तूर, कुगाव या भागात पाणी गवतात आणि बाभळींत चढते, तेव्हा काठाजवळच्या झुडपांतच आमिष टाकावे. उन्हाळ्यात पाणी मायनसमध्ये गेले की काठ अर्धा-अर्धा किलोमीटर मागे सरकतो, मरळ उरलेल्या डोहांत आणि जुन्या ओढ्यांच्या पात्रांत जाते, आणि मधल्या पट्ट्यात वरून वाळलेला, आतून ओला गाळ उरतो. हा गाळ फसवा असतो. वर भेगा पडलेल्या दिसतात आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. तिथे एकट्याने कधीही उतरू नये. जिथे गुरांच्या किंवा माणसांच्या ताज्या पाऊलखुणा आहेत त्याच वाटेने जावे. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उभे असताना पाणी सोडण्याचा भोंगा ऐकू आला तर सामान गोळा करत बसू नये, आधी वर यावे.

तलावांतील मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने दिलेला असतो. पहिल्याच दिवशी संस्थेच्या माणसांना भेटून परवानगी विचारावी आणि त्यांचे शुल्क असेल तर भरावे. त्यांच्या जाळ्यांच्या तरंगत्या खुणांपासून निदान एका फेकीएवढे अंतर राखावे, कारण आपला गळ अडकून फाटलेले जाळे म्हणजे एखाद्या घराची आठवड्याची कमाई असते.

सोलापूरचे ऊन आणि आमिषाची निगा

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून पुष्कळ जास्त तापते. अशा डिकीत राहिलेली आमिषे वाकतात, शेपट्या एका बाजूला चिकटून कायमच्या वळतात, आणि मग ती कितीही काळजीने गळाला लावली तरी सरळ पोहत नाहीत. ती फेकून देऊ नयेत. एका पातेल्यात पाणी चांगले गरम करून, उकळी येण्यापूर्वी उतरवावे, आमिष चिमट्याने मिनिटभर त्यात धरावे, मऊ पडले की सपाट ताटलीत सरळ आडवे ठेवावे आणि त्याच अवस्थेत थंड होऊ द्यावे. मात्र हे भांडे परत स्वयंपाकाला वापरू नये.

आमिषे त्यांच्या मूळ पाकिटांतच ठेवावीत. काळे आणि पांढरे एकत्र ठेवले तर महिनाभरात पांढऱ्यावर काळे डाग उतरतात. तसेच आमिषातले तेलकट द्रव्य काही टणक प्लास्टिकला विरघळवते. माझ्या एका जुन्या पेटीच्या तळाला दोन किड्यांचे ठसे खोल चिकट खड्ड्यांसारखे उमटलेले आजही दिसतात. टणक प्लास्टिकचे मासे त्याच कप्प्यात ठेवले तर त्यांचा रंगही निघतो.

तोंडाशी फाटलेले आमिष सुपर ग्लूच्या एका थेंबाने जोडता येते; पाच मिनिटे कोरडे ठेवून मग पुन्हा गळाला लावावे. जे अगदीच तुकडे होतात ते खिशात घालून घरी आणावेत. पाण्यात टाकलेला तुकडा कुजत नाही, आणि तो मासे गिळतात. कापलेल्या दोरीचेही तेच. हिवाळ्यात उजनीच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी लांब पायांनी चालत चारा शोधत असतात, आणि ब्रेडचा एक हातभर तुकडाही त्यांच्या पायांना अडकला तर सुटत नाही. मी रिकामी फिल्मची डबी कमरेला बांधून ठेवतो, प्रत्येक गाठीचे कापलेले टोक तिच्यात जाते, आणि घरी आल्यावर ती कात्रीने बारीक तुकडे करून कचऱ्यात रिकामी करतो.